प्रोबच होत नाही, एररही नाही: एफडब्ल्यू_डेव्हलिंकची रिग्रेशन्स कशी शोधायची, कुठे दुरुस्त करायची

घाटमाथा

लिनक्स कर्नल बदलला आणि कालपर्यंत चालणारा पॅनल, ईथरनेट किंवा साउंडकार्ड गप्प झालं. लॉगमध्ये ना ऊप्स (कर्नलमधल्या गंभीर बिघाडाचा संदेश), ना एरर. मॉड्यूल लोड झालेलं दिसतं, पण प्रोब फंक्शनच्या (डिव्हाइस चालू करायला ड्रायव्हरला जिथून हाक येते त्या) पहिल्या ओळीत टाकलेला प्रिंटसुद्धा उमटत नाही. असं असेल तर ड्रायव्हरचा कोड वाचत बसू नका. ड्रायव्हरला हाकच मारलेली नाही. "याचा सप्लायर (ज्याच्यावर हे अवलंबून आहे ते दुसरं डिव्हाइस) अजून आला नाही" म्हणून ड्रायव्हर कोअरने, म्हणजे त्यातल्या एफडब्ल्यू_डेव्हलिंक या यंत्रणेने, त्याला दारातच उभं केलंय. अशा रिग्रेशन्ससाठी, म्हणजे आधी चालणारं नव्या कर्नलवर मोडतं अशा केसेससाठी, हा धागा. (नावं सगळी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर ज्याची त्याने रोमन करून घ्यावीत.)

थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. ३.४ मध्ये, म्हणजे २०१२ साली, डिफर्ड प्रोब आलं. क्लॉक किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज पुरवणारा) मिळाला नाही की ड्रायव्हरने ईप्रोब_डिफर (उणे ५१७) परत करायचं, आणि दुसरा कुठलाही ड्रायव्हर बाइंड झाला की कोअर थांबलेल्यांना पुन्हा बोलावणार. म्हणजे दार ठोठावत राहायचं. ४.१० मध्ये डिव्हाइस लिंक्स आल्या, त्यात सप्लायर-कन्झ्युमर (पुरवणारा आणि त्याच्यावर अवलंबून असलेला) नातं कोअरला आधीच सांगता येतं. पण ते ड्रायव्हरने हाताने सांगावं लागे. एफडब्ल्यू_डेव्हलिंकने पुढची पायरी गाठली: डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन; सोर्स म्हणजे डीटीएस, कंपाइल केलेली फाइल म्हणजे डीटीबी, त्यातली एकेक नोंद म्हणजे नोड) क्लॉक्स, पॉवर-डोमेन्स, सप्लाय, जीपीआयओ, इंटरप्ट्स, पिनकंट्रोल वगैरे प्रॉपर्टी स्वतः वाचून लिंक्स बांधायच्या आणि सप्लायर बाइंड होईपर्यंत कन्झ्युमरचा प्रोब चालवायचाच नाही.

५.१२ च्या मर्ज विंडोत (नवे बदल घ्यायच्या काळात) हे डीफॉल्ट चालू केलं. इतके बोर्ड अडले की रिलीझच्या आधीच रिव्हर्ट झालं (बदल मागे घेतला). मधल्या काळात दुरुस्त्या झाल्या आणि ५.१३ मध्ये ते परत चालू झालं, म्हणजे रिव्हर्टचा रिव्हर्ट. तेव्हापासून या जातीची रिग्रेशन्स येतातच, कारण आता डिव्हाइस ट्रीमधली प्रत्येक ओळ ही अवलंबित्वाची कबुली धरली जाते. ती ओळ लिहिणाऱ्याच्या मनात तसं असो वा नसो.

पहिल्या पाच मिनिटांत बघायच्या गोष्टी:

/सिस/कर्नल/डीबग/डिव्हायसेस_डिफर्ड ही फाइल उघडा. थांबलेलं प्रत्येक डिव्हाइस आणि बहुतेकदा त्याच्यापुढे कारण. कारण दिसत नसेल तर त्या ड्रायव्हरने डेव्ह_एरर_प्रोब न वापरता नुसताच उणे ५१७ परत केलाय.

मग त्या डिव्हाइसच्या सिसएफएस (/सिस खालच्या) डिरेक्टरीत वेटिंग_फॉर_सप्लायर बघा. तिथे १ असेल तर सप्लायरचं स्ट्रक्ट डिव्हाइसच अजून जन्मलेलं नाही. ० असेल पण /सिस/क्लास/डेव्हलिंक मधल्या त्याच्या लिंकचं स्टेटस "डॉर्मंट" असेल तर सप्लायर डिव्हाइस आहे, ड्रायव्हर बसलेला नाही. हे दोन वेगळे रोग आहेत आणि औषधंही वेगळी. पहिल्यात संशय सप्लायरच्या नोडवर किंवा त्याच्या पालक बसवर, दुसऱ्यात कॉन्फिग, मॉड्यूल किंवा सप्लायरच्या स्वतःच्या प्रोबवर.

एवढ्याने भागलं नाही तर कमांड लाइनवर डायनडीबग लावून ड्रायव्हर्स/बेस मधल्या कोअर.सी आणि डीडी.सी या दोन फाइलींचे डीबग संदेश चालू करा. "प्रोब डिफरल - सप्लायर अमुक नॉट रेडी" असं थेट नावासकट येतं.

नवखा_डीटीएस

मुद्दा कळला. पण एफडब्ल्यू_डेव्हलिंक=ऑफ टाकलं की सगळं सुरळीत चालतं. मग बूटआर्ग्समध्ये तेच कायमचं ठेवलं तर बिघडतं कुठे? प्रॉडक्ट तर बाहेर जाईल.

रात्रपाळी

बिघडतं. फक्त लगेच दिसत नाही, म्हणून जास्त वाईट.

लिंक्स फक्त प्रोबचा क्रम लावत नाहीत. सस्पेंडच्या वेळी कोण आधी झोपणार हेही त्यांच्यावर ठरतं. लिंक जोडली की कोअर कन्झ्युमरला पीएमच्या (पॉवर मॅनेजमेंटच्या) यादीत सप्लायरच्या मागे सरकवतो. लिंक नाही तर क्रम नोंदणीच्या क्रमावर, म्हणजे नशिबावर. तिसरं म्हणजे सिंक_स्टेट. बूटलोडरने चालू ठेवलेलं पॉवर डोमेन किंवा इंटरकनेक्टची (चिपच्या आतल्या डेटामार्गांची) बँडविड्थ "सगळे कन्झ्युमर आले, आता खाली आणा" असं सप्लायरला सांगणारा हा कॉलबॅक. ऑफ केलंत तर सप्लायरला आपले कन्झ्युमर कोण हेच माहीत नसतं, त्यामुळे तो लवकर बोलावला जातो. स्प्लॅश स्क्रीन मध्येच काळा होणं किंवा क्लॉक बंद असलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचताना अख्खा एसओसी (बोर्डाची मुख्य चिप) गोठणं, हे त्याचे ठरलेले नमुने.

ऑफचा खरा उपयोग निदानाला. पण थेट ऑफवर उडी मारू नका, एकेक पायरी उतरा. चार मोड आहेत: आरपीएम, ऑन, परमिसिव्ह, ऑफ. आता डीफॉल्ट आरपीएम आहे.

आरपीएमवर मोडतं पण ऑनवर चालतं: दोष रनटाइम पीएममध्ये (सिस्टम चालू असतानाच रिकामी डिव्हायसेस झोपवणं-उठवणं). आरपीएममध्ये कन्झ्युमर जागा होताना सप्लायरलाही जागं केलं जातं. सप्लायरच्या रनटाइम रिझ्युममध्ये जो बग कधी उघडाच पडला नव्हता तो आता पडतो.

ऑनवर मोडतं पण परमिसिव्हवर चालतं: प्रोब अडवल्यामुळेच. नव्वद टक्के रडारड इथली.

परमिसिव्हवर मोडतं पण ऑफवर चालतं: परमिसिव्हमध्ये लिंक्स फक्त सिंक_स्टेटपुरत्या असतात, त्यामुळे संशय थेट सिंक_स्टेटवर. लॉगमध्ये "सिंक_स्टेट पेंडिंग ड्यू टू" शोधा.

ऑफवरही मोडतं: मग हा धागा तुमचा नाही. साधं बायसेक्ट करा (चांगल्या आणि मोडलेल्या आवृत्तीमधलं अंतर निम्मं-निम्मं करत दोषी कमिट शोधा).

एक खोच. परमिसिव्हमध्ये वेटिंग_फॉर_सप्लायर ही फाइल तयारच होत नाही. ती दिसली नाही म्हणून गोंधळू नका.

घाटमाथा

+१. या पायऱ्या रिपोर्टमध्ये लिहिल्या तर मेंटेनरचे दोन दिवस वाचतात.

इनिटरॅम

डिस्ट्रो कर्नलवर सगळ्यात जास्त दिसणारी केस अजून कुणी काढली नाही: सप्लायर मॉड्यूल आहे आणि ते इनिटरॅमएफएसमध्ये (रूट माउंट होण्याआधीची छोटी तात्पुरती फाइलसिस्टम) नाही.

रूट फाइलसिस्टम ईएमएमसीवर (बोर्डावरच्या फ्लॅशवर) आहे. ईएमएमसी होस्टचा ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये आहे. त्याच्या नोडमध्ये इंटरकनेक्ट्सची ओळ आहे, आणि इंटरकनेक्टचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून रूटवरच पडलाय. रूट माउंट व्हायला इंटरकनेक्ट हवा, इंटरकनेक्ट मिळायला रूट हवं. जुन्या कर्नलवर होस्ट ड्रायव्हर ती प्रॉपर्टी वाचतच नव्हता म्हणून चालायचं.

कायमचं अडकत नाही, कारण टाइमआउट आहे. मॉड्यूल्स चालू असलेल्या कर्नलमध्ये डिफर्ड_प्रोब_टाइमआउट डीफॉल्ट १० सेकंद. तो संपला की ज्यांचा ड्रायव्हरच आलेला नाही अशा सप्लायर्सच्या लिंक्स सैल केल्या जातात आणि थांबलेल्यांना पुन्हा संधी मिळते. पण हे १० सेकंद बूट झाल्यापासूनचे धरू नका. टायमर चालू असताना नवा ड्रायव्हर रजिस्टर झाला की तो पुन्हा पहिल्यापासून मोजतो. "बूट कधी १२ सेकंदांत, कधी २५ सेकंदांत" अशी तक्रार आली की हेच बघा.

दुरुस्ती: सप्लायर मॉड्यूल इनिटरॅमएफएसच्या यादीत घाला, किंवा कॉन्फिगमध्ये एम (मॉड्यूल) ऐवजी वाय (कर्नलमध्येच) करा. टाइमआउट शून्यावर आणून बूट वेगवान केल्याचा आनंद घेऊ नका. मग उशिरा येणारे खरे सप्लायरही हुकतात. उलट बाजूने, ५.७ च्या आरसी (रिलीझआधीच्या चाचणी आवृत्त्यांच्या) काळात हाच आकडा ३० करून पाहिला होता, तेव्हा एनएफएस रूटवाले (रूट नेटवर्कवरून घेणारे) बोर्ड लटकले आणि तो परत शून्यावर न्यावा लागला. या आकड्याला हात लावणाऱ्याचे हात भाजतात.

नवखा_डीटीएस

आणि सप्लायरचा नोड "डिसेबल्ड" असेल तर?

इनिटरॅम

तर त्याची लिंक धरलीच जात नाही, कन्झ्युमर थांबत नाही. घोटाळा "ओके" असलेल्या पण ड्रायव्हर नसलेल्या नोडचा. व्हेंडर डीटीएसमधून उचललेले असे नोड बरेच असतात.

तिसरा_पोर्ट

नेटवर्कवाल्यांसाठी वेगळी केस. इथे काहीच अडकल्यासारखं दिसत नाही, म्हणून फसगत होते.

डीएसए स्विच (कर्नलच्या डीएसए चौकटीतून चालणारी ईथरनेट स्विच चिप). स्विचच्या आत एमडीआयओ बस (पीएचवायशी बोलायची वाट), तिच्यावर अंतर्गत पीएचवाय (केबलवरचे सिग्नल सांभाळणारा भाग), आणि त्या पीएचवायचे इंटरप्ट स्विचच्याच इंटरप्ट कंट्रोलरकडे. डिव्हाइस ट्रीच्या भाषेत पीएचवाय कन्झ्युमर, स्विच सप्लायर. आता क्रम बघा. स्विचचा प्रोब चालू आहे. त्यातच तो एमडीआयओ बस रजिस्टर करतो, पीएचवाय डिव्हायसेस तयार होतात. कोअर म्हणतो, सप्लायर (स्विच) अजून पूर्ण बाइंड नाही, पीएचवायने थांबावं. त्याच प्रोबमध्ये दोन पावलं पुढे डीएसए पीएचवायला जोडायला जातं, ड्रायव्हर दिसत नाही, म्हणून जेनेरिक पीएचवाय ड्रायव्हर चिकटवून मोकळं होतं. नंतर खरा ड्रायव्हर आला तरी जागा गेलेली.

लिंक अप दिसते, पिंगही चालतं. पण इंटरप्टऐवजी दर सेकंदाला पोलिंग, आणि त्या चिपचं खास कॉन्फिग काहीच लागू नाही. लॉगमध्ये जोडलेल्या ड्रायव्हरचं नाव "जेनेरिक पीएचवाय" दिसलं की समजा.

याच्यासाठी एफडब्ल्यूनोड_फ्लॅग_नीड्स_चाइल्ड_बाउंड_ऑन_अॅड हा लांबलचक फ्लॅग आणला. पालकाच्या फर्मवेअर नोडवर तो लावला की "मुलं जोडताक्षणी बाइंड झाली पाहिजेत, माझा प्रोब संपायची वाट बघू नका" असा अर्थ. एमडीआयओ बसच्या पालकांना तो आता कोअरच लावतो. तुमची स्वतःची बस असेल आणि प्रोबच्या आतच मुलं वापरायची असतील तर तुम्हाला लावावा लागेल. फोनी-हँडल, म्हणजे पीएचवाय-हँडल प्रॉपर्टीचा आधारही एकदा एफडब्ल्यू_डेव्हलिंकमध्ये घातला होता, तो याच भानगडींमुळे २०२१ मध्ये रिव्हर्ट झाला.

रात्रपाळी

फोनी-हँडल :) ऑटोकरेक्टला माफ करा.

पुणेरी_पॉइंटर

मला वरच्या चर्चेत एक गोष्ट खटकते. प्रत्येक ठिकाणी कोअरला फ्लॅग लावत बसायचं की डिव्हाइस ट्री दुरुस्त करायची? हार्डवेअरचं वर्णन चुकलं असेल तर ते वर्णनच सुधारावं. कोअरमध्ये ठिगळं का?

घाटमाथा

तत्त्वतः बरोबर, व्यवहारात नाही. डीटीबी हा एबीआय (मोडायचा नाही असा करार) आहे. बाजारात गेलेल्या बोर्डाची डीटीबी बूटलोडरबरोबर फ्लॅशमध्ये बसलेली असते, ती बदलणार कोण? जुनी डीटीबी नव्या कर्नलवर चालली पाहिजे. कोअरमधल्या बदलाने ती मोडली तर ते कर्नलचं रिग्रेशन, डीटीएस कितीही गबाळी असली तरी. डीटीएस जरूर सुधारा, पण तो वेगळा पॅच. रिग्रेशनची दुरुस्ती जुन्या डीटीबीवर तपासलेली नसेल तर ती दुरुस्तीच नाही.

म्हणून तपासताना चार जोड्या बूट करून बघा: जुना कर्नल-जुनी डीटीबी, जुना-नवी, नवा-जुनी, नवा-नवी. नवा कर्नल दोन्ही डीटीबींवर मोडला तर दोष कर्नलमध्ये. फक्त नव्या डीटीबीवर, तेही जुन्या कर्नलसकट मोडला तर डीटीएसचं कमिट पकडा. नव्या डीटीबीवर फक्त नवा कर्नल मोडला तर बहुधा डीटीएसमध्ये नवी प्रॉपर्टी आलीय आणि तिच्या सप्लायरचा ड्रायव्हर तुमच्या कॉन्फिगमध्ये नाही. बायसेक्ट करतानाही डीटीबी एकच धरून ठेवा. दर फेरीला मेक डीटीबीज केलंत तर दोन गोष्टी एकदम हलतात आणि निकाल भलत्याच कमिटवर जातो.

बायसेक्टबुवा

बायसेक्टमधला दुसरा सापळा. लगतच्या दोन रिलीझमध्ये १३-१४ हजार कमिट धरली तर १३-१४ फेऱ्या लागतात, ते ठीक. पण ५.१२-५.१३ चा पट्टा ओलांडलात की बायसेक्ट हमखास "डीफॉल्ट ऑन केलं" याच कमिटवर येऊन थांबतं. ते कमिट गुन्हेगार नाही, त्याने फक्त खोलीतला दिवा लावला. हेच ऑनवरून आरपीएम झालं तेव्हाही.

म्हणून प्रत्येक फेरीत कमांड लाइनवर एफडब्ल्यू_डेव्हलिंकचा मोड स्पष्ट द्या, म्हणजे डीफॉल्ट बदलल्याचा फरक पडणार नाही. तो मोड देऊन जुना "गुड" कर्नलही मोडला तर ते रिग्रेशन नवं नाही, झाकलेलं होतं. अशा वेळी बायसेक्ट सोडा आणि लिंक कुठून आली ते शोधा.

पुणेरी_पॉइंटर

डीटीबी-एबीआयचा मुद्दा मान्य. मग लिंक चुकीची आहे हे ठरल्यावर दुरुस्ती नेमकी कुठे करायची?

रात्रपाळी

लिंक का चुकीची त्यावर.

पहिली शक्यता: सप्लायर कधीच डिव्हाइस होणार नाही. ओएफ_डिक्लेअर पद्धतीने फार लवकर चालू होणारे क्लॉक, टायमर, इंटरप्ट कंट्रोलर स्ट्रक्ट डिव्हाइस बनवत नाहीत. रेनेसासच्या आर-कार एसवायएससी या पॉवर डोमेन ड्रायव्हरचं हेच झालं होतं. ड्रायव्हर लवकरच्या इनिटकॉलमध्ये काम उरकून मोकळा, आणि कोअर त्याच्या नोडचं डिव्हाइस जन्माला यायची वाट बघत बसलेला. अशा ड्रायव्हरने इनिट यशस्वी झाल्यावर एफडब्ल्यूनोड_डेव्ह_इनिशियलाइझ्ड बोलवायचं, दुसरा आर्ग्युमेंट ट्रू. एक ओळ. लक्षात ठेवा, इनिट यशस्वी झाल्यावरच. अपयशाच्या वाटेवरही खूण केलीत तर कन्झ्युमर मोकळे सुटतात आणि भलतीकडे पडतात.

दुसरी: डिव्हाइस आहे, पण ड्रायव्हर बसणार नाही, कारण कामासाठी ड्रायव्हर लागतच नाही. जीपीआयओ चिपचं हे होतं. शेवटी जीपीआयओलिबने आपल्या जीपीआयओ_डिव्हाइससाठी काहीही न करणारा नामधारी ड्रायव्हर लिहिला, निव्वळ "बाइंड झालं" म्हणता यावं म्हणून.

तिसरी: अवलंबित्व खरं, पण ऐच्छिक. डीएमए (सीपीयूशिवाय डेटा हलवणारा) नसला तर यूएआरटी (सिरीयल पोर्ट) पीआयओवर (सीपीयूच्या हाताने) चालतो. डीएमएज आणि आयओएमएमयूज या प्रॉपर्टी म्हणून कोअरमध्ये ऐच्छिक धरलेल्या आहेत, एफडब्ल्यू_डेव्हलिंक.स्ट्रिक्ट=१ दिलं तरच सक्तीच्या होतात. तो पर्याय टेस्ट बेंचवर लावून बघा, झाकलेली घाण वर येते.

चौथी: चक्र. पॅनलला ब्रिज हवा, ब्रिजला पॅनल. रिमोट-एंडपॉइंट (समोरच्या टोकाकडे बोट दाखवणारी प्रॉपर्टी) दोन्हीकडून असल्यामुळे डिस्प्ले आणि यूएसबी-सीमध्ये हे रोजचं. कोअर चक्र ओळखतो, "फिक्स्ड डिपेंडन्सी सायकल" छापतो आणि त्या चक्रातल्या लिंक्सचा क्रम लावणं सोडून देतो. हा संदेश एरर नाही, त्यावरून बग नोंदवू नका. पण चक्रातली एक बाजू प्रोबला खरोखर लागते आणि दुसरी नाही हे तुम्हाला माहीत असेल, तर नव्या डीटीएसमध्ये पोस्ट-इनिट-प्रोव्हायडर्स प्रॉपर्टीत त्या दुसऱ्या बाजूचा फँडल (नोडचा संदर्भ) द्या. कोअर ती बाजू प्रोबच्या हिशोबातून काढतो आणि खऱ्या बाजूचा क्रम पाळतो.

तिसरा_पोर्ट

पाचवी राहिली, आणि ती ड्रायव्हर लिहिणाऱ्याचीच चूक. प्रोबमध्ये आधी मुलं रजिस्टर करायची आणि मग कुठलंतरी रिसोर्स मिळालं नाही म्हणून ईप्रोब_डिफर द्यायचं. मूल बाइंड झालं म्हणजे कोणीतरी यशस्वी झालं, म्हणून कोअर डिफर्ड यादी पुन्हा चालवतो. त्यात तुमचाच ड्रायव्हर परत येतो, पुन्हा मूल बनवतो, पुन्हा डिफर. अनंत चक्र. क्लीनअपमध्ये मूल काढून टाकलं तरी सुटका नाही, ट्रिगर आधीच लागलेला असतो. पुन्हा पुन्हा प्रोब होतोय, सीपीयू १०० टक्के, आणि लॉगमध्ये त्याच चार ओळी: हेच. क्लॉक, रेग्युलेटर, रीसेट, जीपीआयओ सगळं आधी मिळवा, मुलं सगळ्यात शेवटी.

नवखा_डीटीएस

माझ्या बोर्डावर डिव्हायसेस_डिफर्डमध्ये एकच ओळ आहे, ऑडिओची. वेटिंग_फॉर_सप्लायर ०, लिंक डॉर्मंट, सप्लायर म्हणजे आयटूसीवरचा कोडेक (आवाजाची चिप). परमिसिव्हवरही आवाज नाही, पण तेव्हा एरर येते: कोडेकला रेग्युलेटर मिळत नाही.

घाटमाथा

मग एफडब्ल्यू_डेव्हलिंक निर्दोष. ऑडिओ कार्ड बरोबरच थांबलंय, अडलाय तो कोडेक. साखळीत एक पाऊल मागे जा. कोडेकच्या डिरेक्टरीत "सप्लायर:" ने सुरू होणाऱ्या सिमलिंक असतात, त्यात रेग्युलेटरची आहे का बघा. पीएमआयसीचं (रेग्युलेटर असलेल्या पॉवर चिपचं) कॉन्फिग एम आहे की वाय, ते मॉड्यूल लोड झालंय का, हेही. साखळीचं शेवटचं टोक सापडेपर्यंत मधल्या कुणाला दोष देऊ नका.

बायसेक्टबुवा

आणि खरंच कर्नलचा दोष निघाला तर रिपोर्ट नीट पाठवा. सबसिस्टमच्या यादीवर, ड्रायव्हर कोअरवाल्यांना, आणि रिग्रेशन्सच्या मेलिंग लिस्टला सीसी. मजकुरात "#रेग्झबॉट इंट्रोड्यूस्ड:" आणि पुढे कमिट, किंवा माहीत नसेल तर दोन आवृत्त्यांचा पट्टा. त्यामुळे बॉट माग ठेवतो आणि मेल गडप होत नाही. सोबत पूर्ण डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग (शेवटच्या वीस ओळी नव्हे), डिव्हायसेस_डिफर्ड, चारही मोडचे निकाल, आणि कन्झ्युमर-सप्लायरचे डीटीएस नोड. पॅच पाठवताना फिक्सेस: टॅगमध्ये १२ अक्षरांचा हॅश आणि सीसी स्टेबल. लवकर दुरुस्ती जमत नसेल तर रिव्हर्ट मागायला लाजू नका. ५.१२ मध्ये कोअरवाल्यांनी स्वतःचं काम रिव्हर्ट केलं, त्यात कुणाची नाक कापली गेली नाही.

इनिटरॅम

पुन्हा होऊ नये म्हणून: कर्नलच्या सेल्फटेस्टमध्ये डीटी या डिरेक्टरीत टेस्ट_अनप्रोब्ड_डिव्हायसेस नावाची स्क्रिप्ट आहे. कम्पॅटिबल असलेल्या नोडवर ड्रायव्हर बसलाय की नाही ते एकेक तपासते. सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) प्रत्येक बोर्डावर ती लावा आणि मागच्या निकालाशी ताडून बघा. शिवाय सप्लायर सिसएफएसमधून अनबाइंड करून परत बाइंड करा. मॅनेज्ड लिंक असेल तर कन्झ्युमर आपोआप सुटला पाहिजे आणि सप्लायर परत आला की परत बसला पाहिजे. निम्मे ड्रायव्हर या रिमूव्हच्या वाटेवरच पडतात.

नवखा_डीटीएस

सापडलं. पीएमआयसी नोडमध्ये इंटरप्ट-पॅरेंट एका जीपीआयओ एक्सपांडरकडे होता आणि त्या एक्सपांडरचं कॉन्फिग नव्या डेफकॉन्फिगमध्ये (कर्नलच्या मूळ कॉन्फिग फाइलमध्ये) गळलं होतं. वाय केलं, चारही मोडवर आवाज आला. अनबाइंड-बाइंड करून बघतो.

रात्रपाळी

करताना सिरीयल कन्सोल लावून ठेवा. पीएमआयसी अनबाइंड केलात तर त्याच्या मागे निम्मा बोर्ड सुटतो.